सोमवारचं कुंकू

न्हाव्याच्या बायकोला माणसाच्या आधी त्याची हजामत दिसते. भागीरथीचं तसंच होतं. लग्नात बायका विचारायच्या, "काय गं, नवरदेव कसा वाटला?" तर ही तोंडातला घास गिळून म्हणायची, "मानवर मशीन नीट नही मारी." तिला कुणाचं वाईट बोलायचं नसायचं. पण डोळ्यांना जे वळण लागलं ते लागलं.

वळण लावणारा धुडकू. लग्न झालं आणि शिंदखेड्याकडून दोघं पोट घेऊन सुरतेकडे आली, कडोदऱ्यात थांबली. गल्लीत दोन्ही अंगांना लूमचे कारखाने, दिवसरात्र खडखड. धुडकूने आधी एका भिंतीला आरसा टांगला, मग वर पत्रा घातला, मग पुष्कळ वर्षांनी फिरती खुर्ची आणली. धाकट्या पोराने दारावर 'न्यू स्टाईल हेअर आर्ट' अशी पाटी लावली, पण लोक म्हणतात धुडकूकाकाचं दुकान. मागावर काम करणारा कोणी ओरिसाचा, कोणी बिहारचा, कोणी आपला खानदेशातला. डोकं सगळ्यांचं काकाच्या हाती. भागीरथी टॉवेल धुवायची, वस्तरे उकळायची आणि पडद्याआडून बघायची.

धुडकूचे काही नियम होते. गिऱ्हाइकाच्या गालावर रक्ताचा टिपूस आला तर त्या दाढीचे पैसे घ्यायचे नाहीत. दाढी झाली की तुरटी फिरवल्याशिवाय माणसाला खुर्चीतून उठू द्यायचं नाही. मन ठिकाणावर नसेल त्या दिवशी वस्तऱ्याला हात लावायचा नाही. आणि घरातला नियम असा, की बाप जिता आहे तोवर पोरांनी मिशी उतरवायची नाही. धाकटा भाईदास एकदा मित्राच्या लग्नात हिरोसारखा गुळगुळीत होऊन आला. धुडकूने ताटावरून उठून त्याच्याकडे पाहिलं आणि विचारलं, "माले जित्ताजी मसनमां पोचाडी दिधं का रे?" मिशी पुरती उगवेपर्यंत बाप त्याच्याशी बोलला नाही. भाईदास सुरतेत जन्मलेला, अर्धा गुजराती बोलणारा, असल्या गोष्टींना हसणारा. पण त्यानंतर त्याने मिशीच्या वाटेला जायचं सोडलं.

थोरला योगराज बापावर गेला. हात हलका, बोलणं कमी. तो फौजेत भरती झाला तोही न्हावी म्हणूनच. गल्लीतल्या टवाळांना आयतं कोलीत मिळालं. "फौजमां जाऊनबी हजामतच करस का तुना पोऱ्या?" धुडकू वस्तरा चामोटीवर घासत म्हणाला, "बंदूक तठे बठ्ठासना हातमां ऱ्हास. वस्तरा एकनाच हातमां." भागीरथी पडद्याआड खुदकन हसली. तिला नवऱ्याचं असं एखादंच वाक्य फार आवडायचं.

मग योगराजच्या पलटणीला परदेशी जायचा हुकूम आला. दक्षिण सुदान. तिथे आपापसांत मारामाऱ्या चालतात, आणि मधे उभं राहायला निरनिराळ्या देशांच्या फौजा निळ्या टोप्या घालून जातात, एवढं भागीरथीला समजलं. सून उज्ज्वला रडली, भागीरथी रडली. धुडकूने मात्र दुकानातला तुरटीचा मोठा खडा फडक्यात बांधून पोराच्या हाती दिला. "तठे भेटस का नही, काय माहीत," म्हणाला. जसा काही पोरगा तुरटीसाठीच चालला होता.

कडोदऱ्यात न्हाव्यांची सुट्टी सोमवारी. योगायोग असा की तिकडेही तसंच. रविवारी अख्खी छावणी केस कापून घ्यायची, म्हणून सोमवारी योगराजला उसंत मिळायची आणि फोनचीही पाळी मिळायची. दुपारची जेवणं झाली की इकडे चौघं मोबाइलसमोर बसायची. उज्ज्वलाच्या वाट्याला बिचारीच्या शेवटची चार मिनिटं यायची, कारण आधी बापलेकांचं धंद्याचं बोलणं संपत नसे.

"काल कोनाकोनानी करी?" हा धुडकूचा पहिला सवाल.

आणि योगराज सांगत बसायचा. राहायला पत्र्याच्या खोल्या, बाहेर तांबडी धूळ, पाणी टँकरचं आणि तेही मोजकं. तरी दाढी रोज झालीच पाहिजे. ताप असो, सुट्टी असो, रात्रभर पहाऱ्यावर उभा असो. एका मगात दाढी, आणि त्याच मगात ब्रश धुवायचा. सकाळी सुभेदारसाहेब कापसाचा बोळा घेऊन रांगेतून फिरतात. शंका आली की गालावरून कापूस ओढतात. एक जरी तंतू अडकला तरी परत जा, परत दाढी कर. निळ्या टोपीखालून केस दिसता कामा नयेत, कल्ले कानाच्या मध्यापर्यंत, मिशी राखायची तर ओठाच्या कोपऱ्याबाहेर जाता कामा नये. साहेब म्हणतात, इथली माणसं तुमची भाषा जाणत नाहीत, तुमचं तोंडच बघतात.

छावणीत एक कडुलिंब होता. त्याला आरसा टांगून, खोक्यांची खुर्ची करून योगराजने दुकान मांडलं होतं. हळूहळू दुसऱ्या देशांचे शिपाईही यायला लागले. रवांडाच्या एका गड्याचे केस इतके दाट कुरळे की कात्री आत शिरेना. त्या सोमवारी धुडकूने इथून, कडोदऱ्यातून, हवेत बोटं फिरवून पोराला कात्री कशी धरायची ते दाखवलं. पुढच्या सोमवारी योगराज म्हणाला, जमलं. त्या दिवशी धुडकूने गल्लीत भेटेल त्याला चहा पाजला.

बोलणं संपताना बापाचा शेवटचा सवाल ठरलेला, तुरटी फिरवली की नाही याचा. "तुरटी फिरावी का?" पलीकडून पोरगा हसून म्हणायचा, "फिरावी, बाबा."

एका सोमवारी मात्र योगराज गप्पगप्प होता. त्यांच्यातल्या एका साताऱ्याकडच्या जवानाचा बाप गावी वारला होता. पोराला जाता आलं नाही. दहाव्याला योगराजनेच लिंबाखाली त्याचं मुंडण केलं, मिशी उतरवली. "हात थरथरू दिधा नही मी," तो म्हणाला. पण नंतर तो जवान जेवायचा नाही, पहाऱ्यावर बंदूक घेऊन उभा असताना नुसता टिपं गाळायचा. शेवटी साहेबांनी त्याची बंदूक काढून घेतली आणि त्याला भांडारात बसवलं. भागीरथीने ते ऐकलं आणि तिच्या मनात कुठेतरी ते रुतून बसलं.

थंडीच्या दिवसांत, बाजारचा दिवस होता तेव्हा, धुडकू गेला. दुपारी घडीभर गिऱ्हाईक नव्हतं म्हणून जरा गिऱ्हाइकाच्याच खुर्चीत टेकला, मान मागे टाकली. भाईदासला वाटलं बाप दाढी करून घ्यायला बसलाय. त्याने गळ्याभोवती कापडही टाकलं. मग गालाला हात लावला.

घरात रडारड चालू असतानाच भागीरथीने डोळे पुसले आणि म्हणाली, "योगराजले सांगू नका."

दीर आला होता गावाहून. तो म्हणाला, "वहिनी, थोरला शे तो. हक शे त्याना." भाईदास म्हणाला, "माय, भाईले खबर पडशेच. आज नही तर उद्या." भागीरथीने कोणाचं ऐकलं नाही. तिचं म्हणणं साधं होतं. तो येऊन पोचेपर्यंत काही राहणार नाही, आणि नाही आला तर परमुलखात एकटा रडेल. तिथे त्याच्याजवळ कोण? मन ठिकाणावर नसताना त्याने रोज इतक्या माणसांच्या गळ्यावर वस्तरा धरायचा? उन्हाळा लागला की पलटण परत येणारच आहे. तेव्हा मी त्याला कुशीत घेऊन सांगेन. तोवर झाकली मूठ.

चुकलं का तिचं? सांगणं कठीण आहे. आई लेकराला ठेच लागू नये म्हणून वाटेतला दगड उचलते, आणि तो स्वतःच्याच उरावर ठेवून घेते. एवढंच तिने केलं.

दहावा तापीकाठी झाला. कडोदऱ्यातल्या खानदेशी घरांचे किती दहावे धुडकूने आपल्या हाताने केले असतील, त्याला गणती नाही. त्याच्या दहाव्याला मात्र शेजारच्या दुकानातला गुजराती न्हावी आला, वस्तरा पाण्यात बुडवला आणि भाईदासचं डोकं आणि मिशी उतरवली. पैसे नको म्हणाला. बायकांनी भागीरथीचं कुंकू पुसलं, बांगड्या उतरवल्या. एवढ्या वर्षांत तिने आरशात कपाळ कधी नीट पाहिलं नव्हतं. आता मधे पांढुरका गोल दिसायचा, भांड्यावरची कलई गेल्यासारखा.

मधला सोमवार तिकडचं नेटवर्क पडलं म्हणून निभावला. दहाव्यानंतरचा सोमवार आला.

जेवणं झाली तशी भागीरथी उठली, देव्हाऱ्यातली कोयरी काढली आणि कपाळाला ठसठशीत कुंकू लावलं. उज्ज्वलाने आपल्या बांगड्या काढून सासूच्या हातात चढवल्या. दोघी एकमेकींकडे बघत नव्हत्या. भाईदासला तर डोकं आणि ओठ दोन्ही झाकायचे होते. त्याने कानटोपी घातली, आणि कोरोनातला एक मास्क उरला होता तो नाकावर चढवला. आरशात बघून तो म्हणाला, "बँक लुटाले जाई ऱ्हायनू असं वाटस."

"माय, जेवनीस का?" योगराजचा चेहरा आला. दाढी चोख, मिशी नेमाने कातरलेली, डोकं उघडं. भागीरथीचा जीव भांड्यात पडला.

"बाबा कोठे शेतस?"

"चलथाणले गयेल शेतस. ऊसतोडवाल्यासना पडाववर." हे खोटं तिने आधीच घोटून ठेवलं होतं. साखर कारखान्याचा हंगाम असला की धुडकू खरंच धोकटी घेऊन ऊसतोड कामगारांच्या वस्तीवर जायचा आणि तिथेच मुक्काम करायचा. "फोन नही लागस तठे."

"भाईदास? आज सोमवार शे ना, दुकान तर बंद व्हई."

भाईदासला समोर यावंच लागलं. योगराजने विचारलं, "टोपी काब घाली रे?"

"थंडी शे, भाई. सर्दी बी व्हयेल शे."

"सुरतमां थंडी?"

"यंदा फार शे," भागीरथी आणि उज्ज्वला एकदमच म्हणाल्या.

मग इकडचं तिकडचं बोलणं सुरू झालं. छावणीत आता पदकांची परेड होणार, म्हणून दाढीची तपासणी दोनदा होते, वगैरे. भागीरथी लेकाचा एकेक शब्द पीत होती. भाईदासने समोरचा चहा उचलला, मास्क खाली ओढून घोट घेतला, परत वर चढवला. योगराज परेडबद्दल सांगतासांगता अडखळला. मग म्हणाला, "माय, पाणीना टँकर उना. जास मी." त्या दिवशी उज्ज्वलाच्या वाट्याला काहीच मिनिटं आली नाहीत.

फोन बंद होताच उज्ज्वलाने ओलं फडकं आणलं. भागीरथीने कुंकू पुसलं, बांगड्या परत केल्या. "समजनं नही त्याले," ती म्हणाली. उज्ज्वला म्हणाली, "हो, आई." मांजर डोळे मिटून दूध पितं, तसं दोघींचं झालं होतं.

पुढच्या सोमवारी योगराजचा फोन आला नाही. नुसता आवाजाचा निरोप आला: परेडची गडबड आहे, मी बरा आहे, काळजी करू नका. भागीरथीने तो निरोप उज्ज्वलाकडून पुन्हापुन्हा लावून घेतला. आवाज बसल्यासारखा होता. धुळीने बसला असेल, असं तिने स्वतःला सांगितलं.

त्यानंतरच्या सोमवारी पुन्हा तीच तयारी झाली. कोयरी, बांगड्या, कानटोपी, मास्क. भाईदासच्या डोक्यावर आता जरा जरा केस आले होते, पण मिशी अजून सावलीसारखीच होती.

फोन लागला. योगराज खोलीत बसला होता आणि डोक्यावर निळी टोपी होती, कपाळापर्यंत ओढलेली. फोन त्याने इतका वर धरला होता की नुसते डोळेच दिसत होते.

"कशी शेस, माय?"

"बरी शे. तू?"

"मी बी बरा शे. उज्ज्वला, तुनं कसं शे? भाईदास, दुकान चालस ना?" तो भराभर बोलत होता. लिंबाला मोहोर आला, आचाऱ्याने रविवारी शेवेची भाजी केली होती, पण आपल्यासारखी नाही. भागीरथी हं हं करत होती. तिने चलथाणचं खोटं ओठांवर आणून ठेवलं होतं. यावेळी त्यात एक दोन नव्या गोष्टीही घातल्या होत्या. आता विचारेल, मग विचारेल, म्हणून ती वाट बघत राहिली.

त्याने विचारलंच नाही.

बाबा कुठे आहेत, हे त्याने विचारलं नाही. तेवढ्यात पलीकडे त्याचा हात दमला असावा. फोन जरा खाली आला. वरचा ओठ दिसला. कोरा, गुळगुळीत.

"मिशी कोठे शे तुनी?"

"परेडमुळे... नवा साहेब उना शे. बठ्ठासले काढाले लायी."

न्हाव्याच्या बायकोला मिशीबद्दल थाप मारून कोणाचं कधी भलं झालंय? त्या पलटणीत मिशीवर माणसं जीव टाकतात, हे तिला त्याच्याच तोंडून माहीत होतं. आणि साहेबाने सांगितलं म्हणून धुडकूचा पोरगा बाप जिता असताना मिशी उतरवेल, असा साहेब जगात जन्मायचा होता.

"टोपी काढ," ती म्हणाली.

"माय, आठे धूळ शे..."

"काढ, सांगस ना मी."

मग योगराज हळूच म्हणाला, "पहिले भाईदासले काढू दे."

भाईदासने आईकडे पाहिलं. मग मास्क ओढून काढला, कानटोपी काढली आणि ती हातात धरून लहान पोरासारखा रडायला लागला. तिकडे निळी टोपी उतरली. दोन भाऊ, एक कडोदऱ्यात आणि एक सात समुद्रांपलीकडे, आपापली डोकी उघडी टाकून एकमेकांसमोर बसले होते. उज्ज्वलाने तोंडात पदर कोंबला.

"तुले कव्हय समजनं?" भागीरथीने विचारलं.

"त्याच दिन. भाईदासनी चहा पिवाले मास्क खाले करा ना, तवय."

"मंग बोलना काब नही रे? इतला दिन एकटा..."

"तू कुंकू लाईसन बसेल व्हती, माय. मनी हिंमत नही झायी."

भागीरथीने कपाळाला हात लावला. ज्या एकटेपणातून त्याला वाचवायला तिने हे सगळं मांडलं होतं, त्यातच त्याला तिने लोटलं होतं. आणि तो पोरगा इतके दिवस तिचं कुंकू सांभाळत गप्प बसला होता. ती हमसून हमसून रडली. दहाव्यालाही ती अशी रडली नव्हती. तेव्हा अर्धा जीव लपवण्यातच अडकला होता. मग तिने सगळं सांगितलं. बाजारचा दिवस, खुर्ची, गळ्याभोवतीचं कापड. योगराज ऐकत होता, गालावरून पाणी वाहत होतं, आणि तो ते पुसत नव्हता.

रडणं जरा ओसरलं तेव्हा तिच्या डोळ्यांना त्यांचं जुनं वळण आठवलं. तिने फोन जवळ ओढला. लेकाच्या डोक्यावर ठिकठिकाणी खपल्या धरल्या होत्या, एक तर कानामागून थेट मानेपर्यंत.

"कोनी करी रे हाई हजामत?"

"आचारीनी."

"आचारीनी?"

"बठ्ठी छावणीनी हजामत मी करस. मनं मुंडण कोन करी? सोतानं सोताले करतस नही ना, माय. आचारीना हात चाकूवर चांगला शे, म्हनून त्यालेच बसाडं. लिंबखाले. तो मनापेक्षा जास्त रडना. तो सातारावाला पोऱ्या माले धरीसन बसेल व्हता." योगराजच्या ओठांवर रडता रडता हसू आलं. "पैसा लिधा नही त्यानी. मी सांगं त्याले, रगत निंघनं तर मना बाप बी पैसा लेस नही."

भागीरथीही हसली. हसताना कुंकू घामाने, आसवांनी ओघळून नाकावर आलं होतं, ते तिने तसंच राहू दिलं. तिने अंगठा उचलला आणि काचेवरच्या त्या खपल्यांवरून हळूहळू फिरवला. बाहेरून मागांची खडखड येत होती.

"तुरटी फिरावी का?" तिने विचारलं.

योगराजने खिशात हात घातला. फडक्याची गाठ सोडली आणि झिजून बोराएवढा झालेला खडा फोनसमोर धरला.

"फिरावी, माय. बाबास्नी देयेल शे तीच."